तीन मिनिटं आणि दोन लाइनी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशकात टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते, बाहेरगावचे कॉल हाताने जोडून द्यायचे. डोंगरातल्या तालुक्याकडे जाणाऱ्या लाइनी दोनच, त्यातली एक बहुतेकदा बंद. म्हणून नियम होता: मागे कुणी थांबलं असेल तर तीन मिनिटं झाली की कॉल तोडायचा. मग बोलणारा आमदाराचा माणूस असो की मजूर. मी तो इतका काटेकोर पाळायचे की बरोबरच्या बायका मला 'घड्याळबाई' म्हणायच्या. मलाही त्याचा तोरा होता. हेडफोनने कान दुखायचे, लोकांच्या शिव्या खाऊन जीव विटायचा, पण आज कुणावर अन्याय केला नाही, एवढं समाधान घेऊन मी घरी जायचे.

डोंगरातली माणसं फोनवरही ओट्यावर बसल्यासारखी बोलायची. आधी जेवलास का, मग पाऊस, मग बैल, मग पाड्यातल्या घराघराची खुशाली. कामाचं सगळ्यात शेवटी. आल्या आल्या कामाचं बोलणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. हे मला माहीत होतं. रोज ऐकतच होते ना.

एका सकाळी तिथल्या पोस्टातून एका बाईने दिंडोरीला भावाला फोन लावला. तो द्राक्षबागेत छाटणीला आलेला, नंबर बागायतदाराच्या घरचा. वेळ संपत आली म्हणून मी मध्ये कान दिला. तिची विचारपूस अजून चालूच होती. "आन् आई..." एवढं ती म्हणाली आणि मी जोडणीची कॉर्ड उपसली. मागे पाच जण थांबले होते. दुपारी लाइन गेली, तिचा नंबर पुन्हा लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी भावाने कॉल नोंदवला. "काल बोलनं तुटलं, बाई," एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. नोकरीत पहिल्यांदाच मी रांग मोडून कॉल जोडला. बहीण पोस्टातच बसून होती. या खेपेला तिने खुशाली विचारली नाही.

"काल सांजच्याला आई गेली. लय वाट बघली तुझी. तुला बोलवायलाच फोन केला व्हता."

भाऊ काही बोलला नाही. तीही नाही. तीन मिनिटं झाली, सहा झाली. रांगेतले लोक खोळंबले होते, सुपरवायझर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मला तोडवेना. लाइनीत त्या दोघांच्या श्वासाखेरीज काहीच नव्हतं.