चार दारांचे ठिपके

बाबांनी कबूल केलं होतं: जुन्या मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्यांचा आणि बोल्टांचा गंज मी नीट काढला, तर रंग दिल्यावर किल्ली माझी. पन्नाशीच्या मुलाला बापाने किल्ली देणं म्हणजे आमच्या क्वार्टरमध्ये राज्याभिषेकच. टॉवेल खांद्यावर टाकून मी अंगणात उतरलो तो त्याच थाटात.

बाबा पोलाद कारखान्यात फिटर होते. यंत्र उघडताना प्रत्येक भागावर पंच या टोकदार हत्याराने ठिपके मारायचे, म्हणजे बोल्ट आपल्याच भोकात परत जातो, ही तिथली शिस्त. मोटारही त्यातून सुटली नव्हती. ड्रायव्हरच्या दाराच्या सामानाला एक ठिपका, त्याच्या मागच्याला दोन, असे चारपर्यंत.

"तारेच्या ब्रशनं घास," ते म्हणाले. "एक दार झालं का मंग दुसरं."

एवढा धीर कुठला? मीही त्याच कारखान्याचा. आमच्या विभागात पत्र्याचा गंज तेजाबात, म्हणजे ॲसिडात, बुडवून काढतात. बादलीत तेजाब ओतलं, पाणी बेताचंच घातलं, चारही दारांचं सामान एकदम आत टाकलं आणि पलीकडच्या बोरसीला साळ्याकडे जेवायला गेलो. तिथे गप्पा रंगल्या. खरं सांगायचं तर मीच रंगवल्या.

परतलो तेव्हा गंज साफ गेला होता. पण तेजाबाने लोखंडही खाल्लं होतं, जागोजागी ठिपक्यांसारखेच खड्डे पाडले होते. एका बोल्टावर मी अकरा ठिपके मोजले, आणि मोटारीला दारं चार.

सोड्याच्या पाण्यात सगळं धूत होतो, तर बाबा मागे उभे.

"काय शोधून राहिला?"

"ठिपके."

"सापडले?"

"लय सापडले, बाबा."

ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि एकेक बोल्ट भोकात दोन आटे फिरवून बघू लागले. "हा नाही. दुसरा दे."

"मले वाटलं, लवकर होईन."

"झालं ना लवकर. आता बस."

दोन दिवस बसलो. लहानपणी त्यांची शिफ्ट आणि माझी शाळा, पुढे माझी शिफ्ट आणि त्यांची झोप. इतका वेळ आम्ही शेजारी कधी बसलोच नव्हतो. शेवटी चार बोल्ट कुठेच बसेनात. बाबांनी पंच माझ्या हातात दिला. "हे तू ठरव. ठिपका बी तूच मार."

रंग झाला. मी ठरवलेल्या बोल्टांवरचं ड्रायव्हरचं दार लावलं, तर ते खडखडलं. मी मान खाली घातली. बाबांनी खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

"खडखडू दे. मोटार आता कोनाची हाय, ते बोरसीपर्यंत ऐकू जाईन."