अपेक्षित उत्तराचा रकाना

कांबळे बाईंनी माझ्या पाठावर सही करायला नकार दिला होता.

आज सकाळी दौंडला त्या वारल्या.

बी.एड.चे आमचे सराव पाठ शिरूरजवळच्या एका शाळेत होते. बाई तिथं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या. मागच्या बाकावर बसून आमचे पाठ बघायच्या.

पाठाच्या टाचणात दोन रकाने. डावीकडे शिक्षकाचा प्रश्न. उजवीकडे अपेक्षित उत्तर.

आम्ही आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरांकडून उत्तरं घोकून घ्यायचो. सीनियर्सनीच शिकवलं होतं. नागरिकशास्त्र सोपं, असं माझं मत होतं.

"ग्रामसभेचे सदस्य कोण?"

सगळे हात वर. सोनाली उठली. "गावातील सर्व प्रौढ मतदार."

मागून बाई म्हणाल्या, "सोनाली, तुझी आई जाते का गं सभेला?"

"न्हाई."

"का?"

"आमच्या वस्तीवर कोन सांगाया येतंय? सभा झाल्यावर कळतं."

मी घड्याळ पाहिलं. "बरं, बस खाली. पुढचा प्रश्न."

तास संपला. बाईंनी वही तशीच परत दिली.

"बाई, उत्तर तर बरोबर आलं."

"पहिलं तू घोकून घेतलेलं. दुसरं तिचं होतं. त्याला तू खाली बसवलंस."

"सोमवारी सबमिशन आहे, बाई."

"मग शनिवारी परत घे पाठ. चहा घेतेस का?"

मी नको म्हणाले.

स्टँडवर मैत्रीण म्हणाली, "लई खडूस हाय. दुसऱ्या सरांची घे की सही."

घेता आली असती. पण सोनालीला खाली बसवलेलं मला पुसता येत नव्हतं.

शनिवारी उजवा रकाना कोरा ठेवून गेले.

"सभेची नोटीस कुठं लावतात?"

"देवळापाशी."

सोनाली म्हणाली, "आमच्या समाजमंदिरापाशी पन लावा की."

मी म्हणाले, "कसं करायचं मलाही माहीत नाही. अर्ज लिहून बघूया?"

मायना कसा लिहायचा यावर पोरं भांडत बसली. अर्ज अर्धाच झाला आणि घंटा वाजली.

"पाठ अपुरा राहिला, बाई."

त्यांनी कोऱ्या रकान्याखाली सही केली.

"राहू दे. आता तरी चहा घेतेस का?"

घेतला. फार गोड होता.

आता मी मागच्या बाकावर बसते. परवा एका छात्रशिक्षिकेची सही अडवली. चहा विचारला. ती नको म्हणाली.

शनिवारी येईल.

शेवटचा जय भीम, बाई.