लेट साहेब

कारखान्यात फोन घेणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांचं इंग्रजी ऐकून ऐकून जमवलेलं होतं आणि त्या ते बेधडक बोलत. साहेब मात्र रोज उशिरा येत.

एका सकाळी परदेशी गिऱ्हाइकाचा फोन आला. मावशी म्हणाल्या, “धिस इज लेट साहेब्ज ऑफिस.”

 पलीकडून हळहळत उत्तर आलं, “आय ॲम सो सॉरी.”

साहेबांचा उशीर एवढा मनाला लावून घेणारा माणूस मावशींना पहिल्यांदाच भेटला. “नो प्रॉब्लेम,” त्यांनी धीर दिला, “एव्हरी डे लेट.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात भलंमोठं पुष्पचक्र आलं. हिशेबनिसांनी कपाळावर हात मारला. “मावशी, इंग्रजीत नावाआधी लेट लावलं की माणूस कैलासवासी होतो.”

“मग उशिरा येणाऱ्याला काय म्हणतात?”

“त्यालाही लेटच म्हणतात.”

“म्हणजे घोळ इंग्रजांनी घालायचा आणि बोलणी मी खायची.”

तेवढ्यात साहेब आले. फुलांवरचं कार्ड त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. एवढा कष्टाळू, शब्दाला जागणारा सज्जन पुन्हा होणे नाही, असं त्यात लिहिलं होतं. मावशी मान खाली घालून उभ्या राहिल्या. साहेबांनी कार्ड पुन्हा एकदा, सावकाश वाचलं.

“त्यांना फोन लावू का, साहेब? तुम्ही आहात म्हणून सांगते.”

“सांगायला तर हवंच,” साहेब कार्ड खिशात ठेवत म्हणाले, “पण आजच्या दिवस राहू द्या.”