वशिंडाच्या खुणेवर निघालेलं वऱ्हाड

आमच्या घरात डोंगर हा समुद्रावरून बघायचा असे. वडील तांडेल. मचवा जयगडच्या खाडीत घ्यायचा झाला की ते सुकाणाशी उभे राहून पूर्वेला बघत. सह्याद्रीच्या निळ्या रांगेत बैलाच्या वशिंडासारखा एक उंचवटा होता. तो खाडीच्या तोंडावर नीट आला की मचवा बेलाशक आत न्यायचा. त्या वशिंडानं आपल्याला कधी दगा दिला नाही, हे ऐकवल्याशिवाय वडील कुणा पाहुण्याला घरातून उठू देत नसत.

माझं लग्न ठरलं ते नेमकं त्याच डोंगराच्या पायथ्याला. आमच्यातली चार घरं कधीकाळी शेतीसाठी तिकडे सरकली होती, त्यांतली मुलगी. एकोणीसशे तीस सालानंतरचा एक वैशाख. मुलीच्या वडिलांचा निरोप आला की संगमेश्वरला वाटाड्या उभा करतो, डोंगरातल्या वाटा फसव्या आहेत. वडिलांना हे फार झोंबलं. "तो डोंगर बघून जन्मभर घर गाठलं, आनि आता मला डोंगर दाखवायला मानूस?" ते म्हणाले. वाटाड्या नको म्हणून उलटा निरोप गेला.

भरतीच्या पाण्यावर मचवा संगमेश्वरापर्यंत सुरेख गेला. तिथवर वडील राजे होते. उजाडायच्या आत आम्ही चालू लागलो, मी मुंडावळ्या बांधून, पुढे सनई-ढोल. मुहूर्त सकाळचा, ऊन चढायच्या आतला होता.

समुद्रावरून जी एक सरळ भिंत दिसते ती जवळ गेल्यावर भिंत राहत नाही, हे आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना ठाऊक नव्हतं. मुख्य कड्यापासून सोंडा खाली उतरतात, दोन सोंडांमध्ये एक खोरं, खोऱ्यात एखादी वाडी. सोंडांवर ऐन-किंजळाचं रान इतकं दाट की समोरचा माणूस दिसेना, मागचा कडा कुठला दिसायला. वशिंड पहाटे दिसलं, मग एका सोंडेमागे गेलं ते गेलंच. थोड्या वेळानं झाडांच्या वर एक उंचवटा दिसला. "ह्येच ते," वडील म्हणाले आणि आम्ही त्या खोऱ्यात शिरलो. एक सोंड चुकली की तिच्यावरून पलीकडे जाता येत नाही, पार मुळाशी उतरून वळसा घालावा लागतो.

वाडी दिसताच वडिलांनी वाजंत्र्यांना खूण केली. सनई लागली, ढोल घुमला, बायकांनी पदर सावरले. मीही मान जरा ताठ केली. पोरंसोरं धावत आली, माणसं अंगणात येऊन उभी राहिली. एका म्हातारीनं पुढे होऊन विचारलं, "कुनाकडचं वऱ्हाड म्हनायचं?" माझ्या मामांनी मुलीच्या वडिलांचं नाव सांगितलं. म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. "त्यो गाव पल्ल्याड, बाबा. हितं कुनाचं लगीन नाय."

ढोल थांबला. सनईवाला मात्र डोळे मिटून वाजवत होता, त्याला कुणीतरी कोपरखळी मारली. मुंडावळ्या बांधलेल्या माणसाला कुठे तोंड लपवता येत नाही. सगळी वाडी मला पायापासून डोक्यापर्यंत बघत होती आणि मला वाटत होतं धरणी पोटात घेईल तर बरं. वडील कुणाकडेच बघत नव्हते. तसेच मागे वळलो, सोंडेच्या मुळाशी उतरलो आणि पुन्हा चढलो. मुहूर्त वाटेतच टळला.

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मांडवातली निम्मी माणसं जेवून निघून गेली होती. व्याह्यांनी आवाज न चढवता विचारलं, "वाटेत काय अडचन?" गाडी मोडली म्हणायला गाडीबैल नव्हते, कुणी आजारी नव्हतं, सांगण्यासारखं काही नव्हतंच. वडिलांनी पागोटं काढून हातात घेतलं. "वाट मी चुकवली. पोराचा दोष नाय," ते म्हणाले. वडिलांना उघड्या डोक्यानं कुणापुढे उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी मांडवाचा खांब बघत राहिलो.

भटजींनी गोरज मुहूर्त काढून दिला. अंतरपाट दूर झाला तेव्हा मुलीनं मान वर केली नाही. तिचे केस ओले होते. अंगावरची हळद घाईघाईनं लावल्यासारखी, एका गालावर जास्त, दुसऱ्यावर नाहीच. नवरी लाजते आहे असं मी धरून चाललो.

जयगडला आल्यावर घरात सगळे त्या वाडीची गोष्ट सांगून हसू लागले होते, वडीलसुद्धा. एका दुपारी मीही बायकोला म्हातारी कशी हसली ते सांगू लागलो. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "लगनाच्या दिशी दुपारी चुलती म्हनाली, नवरा पळाला. मग मी परसात जाऊन हळद धुतली. आई नको म्हनत हुती. पन न आलेल्या मानसाच्या नावाची हळद अंगाव घेऊन मी दुसऱ्या दिशी सकाळी हिरीवर कशी गेली असती?"