सांदवाडीतलं शेवाळ

बोडीचं, म्हणजे शेततळ्याचं, पाणी आटलं की काठावरच्या शेवाळाला कुबट वास सुटतो, आणि मला दिघोरीतला तो उन्हाळा आठवतो. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट असेल. शेतकी कॉलेजातली एक पोरगी आमच्याकडे राहायला आली होती. धानाच्या बांधीला खत म्हणून शेवाळ पिकवायचं, हा तिचा अभ्यास. घरामागच्या सांदवाडीत उथळ खड्डे खणून, प्लास्टिक अंथरून तिनं पाणी भरलं होतं. सासूबाई हसायच्या, "लोकं शेवाळ काढून फेकतात, अन् हे बाई पेरून राहिली!" एका दुपारी माझी दीड वर्षाची लेक खड्ड्याकाठी बसलेली दिसली. तोंड, हनुवटी, हात, सगळं हिरवं. माझी किंकाळी ऐकून ती पोरगी धावत आली आणि पांढरीफटक पडली. "वहिनी, आज त्यात किडे मारायचं औषध टाकायचं होतं." "टाकलं का नाई, थे सांग ना!" सासूबाई ओरडल्या. "आठवतच नाही हो!" सासूबाईंनी लेकीच्या घशात बोट घातलं, मी नुसती तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. पोरगी घरात पळाली, पिशवी उपडी केली. औषधाची पुडी फोडलेलीच नव्हती. तशी ती मटकन बसून रडली, आणि उठून कुदळीनं खड्डे बुजवायला लागली. सासूबाईंनी कुदळ हिसकली. "बुजवून कायले राहिली? काट्याचं कुंपण कर. अन् थे पुडी माह्या पेटीत ठेव." आज त्याच लेकीचं नातवंड माझ्या मांडीवर खेळतं, पण त्याच्या तोंडाला पालकाची भाजी लागली तरी आधी माझे हात गार पडतात.