एक दिवस गायब झालेली रायफल

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण त्या रायफलीचं प्रकरण मनातून जात नाही. नवं शतक सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी वायव्य लंडनमध्ये पोलीस सार्जंट होतो आणि परवान्याच्या बंदुकांची तपासणी माझ्याकडे होती. काम तसं रुक्ष. नोंदवही बघायची, नंबर जुळवायचे, कपाटाचं कुलूप ओढून पाहायचं.

हॅरोजवळ एका परवानाधारक विक्रेत्याचं वर्कशॉप होतं. लष्करांनी मोडीत काढलेल्या जुन्या रायफली तिथे ग्रीसने बरबटून यायच्या. त्या साफ करून, लाकडाला तेल पाजून हौशी संग्राहकांना विकल्या जात. एका सोमवारी मालकाचाच फोन आला. रविवारी दुकान बंद असताना तो सहज डोकावला, तर एक रायफल रॅकमध्ये नव्हती. सोमवारी सकाळी ती जागेवर होती. तुझीच नजरचूक झाली असेल, असं त्याला बाकीचे सांगत होते. मला ते पटलं नाही. गेलेली वस्तू आपल्या पायांनी परत येत नसते.

किल्ल्या तिघांकडे होत्या: मालक, विक्री पाहणारा एक आयरिश माणूस आणि लाकडाचं काम करणारे एक मराठी काका. काकांची सत्तरी उलटलेली. महाराष्ट्रात लष्कराच्या दुरुस्ती वर्कशॉपमध्ये उभी हयात काढून ते मुलाकडे आले होते.

आधी आयरिश माणसाला धरलं. तासभर उलटसुलट विचारून त्याला रडकुंडीला आणलं, हाती काही लागलं नाही. मग रायफल उजेडात धरली. लाकडाला जवसाच्या तेलाचा ताजा हात होता. हे तेल तळहाताने, लाकूड कोमट होईपर्यंत चोळावं लागतं. वाळायला त्याला दिवस लागतात आणि तोवर पडेल ते त्यावर चिकटून बसतं. ट्रिगरच्या मागे लाल कण चिकटले होते. मालक म्हणाला, गंज असेल. मी मात्र जागच्या जागी थबकलो. माझे वडील वेम्बलीजवळच्या बस डेपोत मेकॅनिक होते. दर खंडेनवमीला आई त्यांच्या पान्यांना हळदकुंकू लावायची. ती गेली आणि आमच्या घरातून तो दिवसही गेला. कालचा रविवार खंडेनवमीचा होता, हे मला ते कुंकू बघून आठवलं.

अंगठ्याने पुसलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. खोटं कशाला बोलू, अंगठा पुढे झाला होता. पण पुसलं नाही. नमुना पिशवीत घेतला.

काकांना रीतसर कॉशन दिली, म्हणजे बोलाल ते पुराव्यात धरलं जाईल ही सूचना, इंग्रजीत आणि मराठीतही. मग एवढंच विचारलं, "काका, काल पूजा कुठे केलीत?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती. त्यांच्या जुन्या वर्कशॉपमध्ये घरच्यांना वर्षातून एकदाच आत सोडत, खंडेनवमीला. नवऱ्याने दुरुस्त केलेल्या हत्यारांना कुंकू लावायला ती दरवर्षी नेमाने जायची. या रायफलीच्या पुढच्या लाकडात एक पितळी स्क्रू होता; लाकूड फाटू नये म्हणून भारतातल्या वर्कशॉपमध्ये तसा बसवत.

"हा आमच्याकडचा स्क्रू आहे, साहेब. कदाचित माझ्याच हातचा," ते म्हणाले. "तिला एकदा दाखवायचा होता. पुढच्या दसऱ्याला ती असेल की नाही, कोणी सांगावं?"

ज्याच्याविना गोळी सुटत नाही तो बोल्ट काढून त्यांनी दुकानातल्या कपाटातच ठेवला होता. उरलेली रायफल गोधडीत गुंडाळून शनिवारी मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनने घरी नेली आणि सोमवारी तशीच परत आणली. आपण फार सावधपणे वागलो, असं त्यांना वाटत होतं. या देशात एवढ्यासाठी माणूस तुरुंगात जातो.

ठाण्यात वकील आला, दुभाषी आला, टेप सुरू झाली. काकांसमोर बसून मला इंग्रजीतच बोलावं लागलं. बोल्टची गोष्ट मी अहवालात ठळकपणे लिहिली. अखेर ताकीद देऊन त्यांना सोडण्यात आलं. नोकरी मात्र गेली.

दोन महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी, ईलिंग रोडजवळच्या एका बाकावर काका दिसले. शेजारी जेवणाचा डबा. मी विचारलं, नवीन काम मिळालं का? ते नाही म्हणाले. मुला-सुनेला सगळं ठाऊक होतं, बायकोला काही सांगितलं नव्हतं. रोज सकाळी नऊला डबा घेऊन निघायचं, दिवस लायब्ररीत काढायचा, पाचला परतायचं. मग त्यांनी पिशवीतून जवसाच्या तेलाची छोटी बाटली काढली.

"घरी जाण्याआधी जरा हाताला चोळतो. गेलं की ती आधी हात हातात घेते ना."

तपास चोख झाला होता, हे मी आजही म्हणेन. कुंकू पुसलं नाही याचा पश्चात्ताप नाही. पण प्रकरणाची फाइल आपण बंद केली तरी ते माणसाला रोज घरी घेऊन जावं लागतं, हे मला त्या बाकावर कळलं. खोटं पकडण्यात माझा जन्म गेला, आणि ते खोटं पकडायची मला इच्छा झाली नाही. आईची फार आठवण आली. काकांनी बाटलीचं झाकण उघडलं, तेव्हा मीही माझा तळहात पुढे केला.