घोडा माझा, राउंड तिचा

रेसमधून काढून टाकलेला तो घोडा आमच्या तबेल्यात आला, तेव्हा उडी मारायचा रंगीत दांडा दिसला की उलटा पळायचा. मालक म्हणाले, "बघ, तुझ्याच्यानं काही होतंय का." झालं की! पण दोन वर्षं गेली. पहाटे अंबडहून स्कूटी काढायची, गंगापूर रोडच्या पुढे तबेल्यात पोचायचं आणि जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून त्याला नुसतं चालवायचं. आडमुठा किती! मला पाडलं, चावलासुद्धा. पण एकदा उडायला लागला तो थांबेचना. खरं सांगते, एवढा जीव मी माणसांना लावलेला नाही.

पप्पा कंपनीत मशीनवर असतात. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "यंदा राज्याच्या टीममध्ये निवड झाली तर घोडे, नाहीतर माझ्या कंपनीत चिकटायचं." मी म्हटलं, "चालेल, पण एकदा येऊन बघा तरी." घोडा म्हटलं की त्यांना लग्नाची वरातच आठवायची. निवडीची स्पर्धा नाशकातच होती. त्यांनी सुट्टी टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि डबा घेऊन प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये पार वर जाऊन बसले.

मी कोट, हेल्मेट घालून तयार. तेवढ्यात मालक आले आणि म्हणाले, "आज हिला बसू दे. तुझं काय, पुढच्या वर्षी आहेच." ही म्हणजे त्यांची मुलगी. पुण्याला शिकलेली, चांगली बसते, उगाच नावं ठेवणार नाही. पण या घोड्यावर जेमतेम आठवडाभर बसली होती! घोडा त्यांचा, मी काय बोलणार, कपाळ? पप्पांना सांगायला फोन काढला आणि परत खिशात ठेवला.

राउंडच्या आधी स्वार मैदानात पायी फिरतात, दोन उड्यांमधलं अंतर पावलांनी मोजतात. ती म्हणाली, "दीदी, चल ना माझ्यासोबत, प्लीज." गेले. डोंबलाचा स्वाभिमान! इथे लगाम ओढू नकोस, तिथे घाई करू नकोस, निळ्या दांड्यापाशी हा बिचकतो, तेव्हा मानेवर हात ठेव आणि "चल राजा" म्हण. होतं नव्हतं ते सगळं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर पाय त्याचा मोडला असता.

राउंड सुरू झाला. मी कठड्याला धरून उभी. मनात एकच, थांब रे, निळ्यापाशी तरी थांब, माझ्यासाठी. तो बिचकला. तिनं मानेवर हात ठेवला. आणि गेला की मेला पलीकडे! अख्ख्या राउंडमध्ये एक दांडा पडला नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला आणि आतून इतकं तुटलं, की हे दोन्ही एकदम कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

पप्पा पायऱ्या उतरून धावतच आले, शर्ट घामानं भिजलेला. "अगं पोरी, काय उडवलास गं!" त्यांनी सगळं फोनवर शूट केलं होतं. भोंग्यावरचं नाव वाऱ्यात गेलं होतं, आणि एवढ्या वरून काळ्या कोटातली कोणती मुलगी कोण, त्यांना काय कळणार? व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेलासुद्धा होता. सटाण्याच्या मामांचे अंगठे आले होते, आईचा रडवेला आवाज आला होता, "माझी बाय ती!"

"आता कसली कंपनी आणि कसलं काय," पप्पा म्हणाले. "मी हरलो बाबा."

"पप्पा, ती मी नव्हते."

ते आधी हसले. तेवढ्यात ती घोड्यावरूनच आली, "थँक्यू दीदी" म्हणाली आणि पुढे गेली. पप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या स्वच्छ बुटांकडे. व्हिडिओ परत लावून डोळ्यांजवळ धरला.

"पण घोडा तर तोच ना? तुझा?"

"हो."

"मग राहू दे ग्रुपवर."

निवड तिची झाली. सोमवारी पप्पांच्या मागे स्कूटीवर बसून मी कंपनीत गेले. गेटवर वॉचमननं विचारलं, "ही कोण?"

"आमची पोरगी," पप्पा म्हणाले. "घोडे उडवते."

मला तिथेच भोकाड पसरावंसं वाटलं.